कुशाबा भुवड, हल्ली संपावर

सन दोन हजार, गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला होता. मी सरोजिनीच्या लग्नासाठी बायोडेटा लिहीत होतो. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण बारावी, नोकरी दादरला चष्म्याच्या दुकानात, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग वडिलांच्या व्यवसायाची ओळ आली आणि समोर बसलेले तिचे वडील, आमचे शेजारी कुशाबा भुवड, सुपारी कातरता कातरता म्हणाले, "लिही, संपावर."

"कुशादा, संपाला अठरा वर्षं झाली."

"मग? मागे घेतला म्हणून कोणी सांगितलं तुला? तारीख दाखव."

तारीख मला दाखवता येईना. गिरण्यांचा तो संप अमुक दिवशी मागे घेतला असं कोणी जाहीर केलेलंच नव्हतं. माणसं थकली, काही गावी गेली, काही कामावर गेली, काही वर गेली. कुशाबाच्या मते यातलं काहीच अधिकृत नव्हतं. मी पालिकेच्या शाळेतला मास्तर. नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसापुढे मी नेहमीच हरतो. लिहिलं, 'वडील गिरणी कामगार, हल्ली संपावर.'

त्या एका ओळीवर तीन स्थळं परत गेली. तिसऱ्या स्थळाच्या मामाने चहा पिता पिता चेष्टेने विचारलं, "अजून किती दिवस चालेल म्हणता?" कुशाबाने गंभीरपणे उत्तर दिलं, "दोन्ही बाजू ताणून आहेत." मामाने बशी खाली ठेवली आणि चपला शोधल्या. जाईवहिनी, म्हणजे कुशाबाची बायको, आत पदराने डोळे पुसत होत्या. सरोजिनी मात्र हसत होती. का हसत होती ते आम्हाला महिन्याभराने कळलं.

आमची चाळ घोडपदेवला. कुशाबा मूळचा गुहागरकडचा. लालबागच्या एका गिरणीत तो विणकर होता, चार माग सांभाळायचा. वयाने माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, पण सगळी चाळ त्याला मागे एकेरीत बोलते, म्हणून मीही बोलतो. त्याच्या कानांना अर्धंमुर्धंच ऐकू यायचं. मागखात्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहिले असतील तर त्याने काम केलं नाही असं समजावं, हे त्याचंच वाक्य. तिथे मागांच्या खडखडाटात कोणी कोणाशी ओरडून बोलत नसे. ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. चार मागांपलीकडे उभा असलेला माणूस मुकादमाला कुठली शिवी देतोय हे कुशाबाला अक्षर न् अक्षर कळायचं. कानांनी जे घालवलं ते डोळ्यांनी कमावलं, इतकंच.

संप सुरू झाला तेव्हा सरोजिनी दोन वर्षांची होती. कुशाबा सकाळ-संध्याकाळ गिरणीच्या गेटावर घोषणा द्यायला. घर चालवायचं कोणी? जाईवहिनींची आधीपासून छोटी खाणावळ होती, पण जेवणारे सगळे गिरणीतलेच, ते एकेक करून कोकणात निघून गेले. तरी नवव्या महिन्यात वहिनींना एकदम बावीस डबे मिळाले. रे रोडच्या लाकडाच्या वखारींतले कामगार, असं त्यांनी सांगितलं. कुशाबाची छाती फुगली. सभेत उठून तो म्हणाला होता, "माझी बायको चुलीपुढे बसून संप लढवते!" टाळ्याही पडल्या होत्या. डब्यांची टोपली तो स्वतः दोन मजले उतरवून हातगाडीवर ठेवायचा आणि मग गेटावर, आत कामाला गेलेल्यांच्या नावाने शंख करायला.

संपाचं दुसरं वर्ष सरलं तेव्हा पोट भरायला काहीतरी हवं म्हणून तो रे रोडला तात्यांच्या गॅरेजवर गेला. पण एका अटीवर. "मी पर्मनंट होणार नाही. माझी नोकरी गिरणीत आहे. इथे मी बदली." गिरणीत बदली कामगार सकाळी गेटाबाहेर उभे राहायचे आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ज्याला बोलावेल तो त्या दिवशी आत. कुशाबा तसाच रोज आठ वाजता गॅरेजच्या पत्र्याच्या फाटकाबाहेर उभा राहायचा. तात्या आतून "ये" म्हणाले की आत. सोळा वर्षं! तात्यांच्याकडे दुसरा माणूसच नव्हता, तरी हा बाहेर उभा. एकदा तात्या मुलाच्या बारशाच्या गडबडीत "ये" म्हणायला विसरले, तर हा साडेनऊला घरी परत आला आणि म्हणाला, "आज काम नाही." त्या दिवशी चार गाड्या उघड्या बॉनेटने वाट पाहत राहिल्या. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभही जळायला तयार नव्हता.

तिथे आधी डायनामो आणि स्टार्टरचं काम होतं. पुढे एसीच्या गाड्या वाढल्या आणि कुशाबाकडे कॉम्प्रेसरचा मॅग्नेट क्लच आला. हे प्रकरण मला त्याने इतक्या वेळा समजावलंय की मी वर्गात शिकवू शकेन. कॉम्प्रेसरच्या तोंडावर एक पुली असते. इंजिन चालू असेतोवर ती पट्ट्यावर फिरतच असते, पण फुकट. तिच्यासमोर एक चकती. एसीचं बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलमध्ये करंट जातो, तिचं लोहचुंबक होतं, ते चकतीला ओढून पुलीला चिकटवतं, टक् असा आवाज होतो आणि मग कुठे कॉम्प्रेसर फिरून गारवा येतो. चकती आणि पुली यांच्यात फट असते नखाच्या जाडीची. ती वाढली तर चुंबकाला चकती ओढवत नाही. कमी झाली तर चकती सुटत नाही, घासत राहते. सगळी कला त्या फटीत.

आता ज्याला तो टक् ऐकूच येत नाही त्याने हे काम करावं, हा एक विनोदच. पण कुशाबा कॉम्प्रेसरवर नाहीतर मडगार्डवर पंजा ठेवायचा आणि टक् त्याला हाताला लागायचा. मागावरचा धागा तुटला की त्याला असाच हाताला कळायचा म्हणे. शिवाय एसीची गाडी म्हणजे काचा बंद. आत मालक-मालकीण बसून "हा म्हातारा फसवतोय" वगैरे बिनधास्त बोलत, आणि हा बाहेरून सगळं वाचत असे. काम झालं की काच खाली करायला लावून शांतपणे म्हणायचा, "बाई, मी काही फसवत नाय. जुनी वॉशर बघून घ्या." दोन बायांनी तर घाबरून पुन्हा त्या रस्त्याला गाडी आणली नाही.

तर सरोजिनी. चष्म्याच्या दुकानासमोर टॅक्सी स्टँड होता आणि तिथे एक निळी एसी टॅक्सी उभी असे. ती चालवणारा मुलगा रघू. मुलगा निर्व्यसनी, आपल्याच जातीतला, आपल्याच तालुक्यातला. वडिलांचा व्यवसाय काय म्हणून त्याने विचारलंही नव्हतं. जाईवहिनींनी देव पाण्यातून बाहेर काढले. पण मुलाच्या वडिलांचं नाव ऐकलं आणि कुशाबाने जेवतं ताट सरकवलं.

गणपत मोहिते. मागखात्यात कुशाबाच्या समोरचे चार माग त्याचे. दहा वर्षं दोघे आवाज न काढता बोलले, हसले, भांडले. मुलांची नावं काय ठेवायची तेही म्हणे त्यांनी मागांवरूनच ठरवलं होतं. संपाच्या नवव्या महिन्यात गणपत कामावर गेला. कुशाबाने त्याच्या दाराला बांगड्यांची माळ बांधली आणि त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं.

"त्या फितुराच्या घरात माझी मुलगी जाणार नाय," कुशाबा म्हणाला.

"बाबा, तेव्हा रघू तीन वर्षांचा होता. तो कुठे कामावर गेलेला?" सरोजिनी म्हणाली.

"त्याच पगारावर वाढला ना?"

"मग मी पळून जाऊ? तसं सांग. मला बी कोर्टात सही करता येते."

असं मुलगी म्हणाली आणि कुशाबाचा चेहरा उतरला. पोरगी जे बोलते ते करते हे त्याला ठाऊक होतं, कारण तो गुण त्याचाच. जाईवहिनी त्या दिवशी चुलीपुढून हलल्या नाहीत. त्या तेव्हा इतक्या गप्प का, हे नवरा सोडून सगळ्या चाळीला कळत होतं.

सरोजिनीने एक शेवटचा उपाय केला. रघूच्या टॅक्सीचा एसी सकाळी छान चालायचा, पण पंधरा मिनिटांत गरम वारा. पॅसेंजर शिव्या घालून उतरायचे. दोन ठिकाणी गॅस भरून झाला, तिसऱ्याने कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगितलं. सरोजिनी म्हणाली, "बाबांकडे ने. मुलगा बघितला तर बघितला, नाहीतर निदान गाडी तरी बरी होईल." रघू निघाला तर गणपत आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसला.

पुढचं मला कुशाबाने स्वतः सांगितलं. गाडी आत आली, त्याने काचेतून गणपतला पाहिलं आणि पाना खाली ठेवला. "तात्या, ही गाडी मी घेत नाय."

तात्यांनी सोळा वर्षांत एकदाच डाव टाकला, पण नेमका. "तू बदली ना रे? मग बदल्याला माग निवडता येतो काय?"

बदल्याला माग निवडता येत नाही. जो मिळेल तो चालवायचा. नियम म्हणजे नियम. कुशाबाने पाना उचलला.

गाडी चालू करून त्याने कॉम्प्रेसरला हात लावला. चकती धरत होती. इंजिन तापेपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि अकराव्या-बाराव्या मिनिटाला चकती सुटली. पुली फिरतेय, चकती गप्प. गाडी बंद करून त्याने पट्टा काढला, नट खोलला, पुलरने चकती ओढली. चकतीचं तोंड आणि पुलीचं तोंड, दोन्ही चकचकीत झिजलेली. "कॉम्प्रेसर चांगलाय," तो रघूच्या शर्टाच्या बटणाकडे बघून म्हणाला. "फट वाढलीय. कॉइल थंड असते तवर ओढते. तापली की तिची ताकद कमी पडते, चकती सोडून देते." चकतीच्या मागे शाफ्टवर पातळ वॉशर असतात, त्यातली एक त्याने काढली, दोन्ही तोंडांवरून पॉलिश पेपर फिरवला, चकती बसवली आणि फट मोजायची फिलरची पाती चारी बाजूंनी घालून बघितली. पाती नेमकी अडकत जात होती. इतकंच काम. ज्यासाठी तिसऱ्या गॅरेजवाल्याने नवा कॉम्प्रेसर सांगितला होता.

मग शेवटची परीक्षा. बॉनेट खाली, काचा बंद, गाडी उभ्या उभ्या चालू, अर्धा तास. बाप-लेक आत, आणि कुशाबा बाहेर डाव्या मडगार्डवर पंजा ठेवून उभा. समोरची काच लख्ख. नजर कुठे ठेवणार? आत गणपत मुलाशी बोलत होता.

गणपत म्हणत होता, "हा माणूस शिव्या देत गेटाबाहेर उभा असायचा. आणि आम्ही आत बावीस जण ह्याच्याच बायकोचं जेवत होतो. कंपनीने जाईवहिनीला डबे सांगितलेले. मागच्या भिंतीवरून टोपली यायची. अरे, गिरणीत झोपायचं, बाहेर पडलं तर मार खायचा, आठव्या दिवशीच पळालो असतो. तिच्या काळ्या वाटाण्याच्या कालवणावर राहिलो. ह्याला अजून ठाऊक नाय. ती बाई काय पाप करत नव्हती, तिची पोरगी उपाशी होती."

चकती धरून होती. कुशाबाने पंजा काढला नाही. बावीस डबे, वखारी, हातगाडी, टोपली, आणि ती उतरवताना जिन्याच्या कठड्यावर खरचटलेलं आपलंच कोपर, हे सगळं त्याला एका ओळीत लागलं असणार. अर्ध्या तासाने त्याने गाडी बंद करायची खूण केली. गणपतने काच खाली करून "कुश्या..." म्हणून तोंड उघडलं, तसा हा पाठ करून उभा राहिला. ओठ दिसले नाहीत की त्याच्या लेखी माणूस बोललाच नाही.

कुशाबा ओठ वाचतो हे गणपत खरंच विसरला होता का? मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "काच बंद होती ना." मास्तर म्हणून मी खूप पोरांची उत्तरं ऐकलीत. हे उत्तर पाठ करून आणलेलं होतं.

त्या संध्याकाळी कुशाबा माझ्या खोलीत आला. "डब्यांवर नंबर कोणी घातले होते?"

मी तेव्हा कॉलेजात होतो. लाल ऑइलपेंटने एक ते बावीस मीच घातले होते. "मी."

"मग तुला ठाऊक होतं."

"हो."

"चाळीत अजून कोणाला?"

"सगळ्यांना, कुशादा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही कोणी त्याला फसवायचं असं ठरवलं नव्हतं. तो आला की गॅलरीतल्या बायका आपोआप भिंतीकडे तोंड करून बोलायच्या, एवढंच. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणी कोणाला सांगायचं? आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याची थोडी मजाही वाटायची. नाकाने कांदे सोलणारा हा तत्त्वाचा पुतळा, आणि त्याच्या पोटात कोणाचा भात! त्या मजेची मला त्या संध्याकाळी फार लाज वाटली.

"तिला सांगू नको, मला कळलं म्हणून," तो म्हणाला आणि गेला.

तीन दिवस असेच गेले. जाईवहिनी वाढत होत्या, तो जेवत होता, ताटात एक शीत टाकत नव्हता. चौथ्या दिवशी हात धुताना म्हणाला, "बोलवा त्यांना. सुपारी फोडू."

सुपारी फोडायला गणपत चार माणसं घेऊन आला. आमची खोली ती केवढी, निम्मे लोक गॅलरीत. देणंघेणं काही नव्हतंच, नारळ ठेवला, आणि कुशाबाने हात वर केला. "माझी एक अट आहे."

सरोजिनीने डोळे मिटले. रघूने बापाकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हा गणपतला लालबागच्या नाक्यावर माफी मागायला लावतो.

"लग्नाचं जेवण आमच्याकडे नाय," बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात कुशाबा म्हणाला. "गणपत, ते तू रांधायचंस. तू आणि त्या बावीसांतले जेवढे जिवंत असतील तेवढ्यांनी. आचारी लावायचा नाय. आणि पहिल्या पंगतीला ही बसेल. तुम्ही वाढायचं."

जाईवहिनींच्या हातातलं तबक तसंच राहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. वाचलं."

त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या. अठरा वर्षांचं ते रडणं होतं, आवरेना. कुशाबाने त्यांच्या खांद्याला हात लावला, चार माणसांत. आमच्या चाळीत हे कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

लग्न माघात झालं, मंडळाच्या हॉलमध्ये. आमच्यात मुलीची आई शेवटच्या पंगतीला जेवते, तेही उरलं तर. त्या दिवशी जाईवहिनी पहिल्या पंगतीत, पहिल्या पानावर, हिरव्या साडीत अवघडून बसल्या होत्या. बावीसांतले नऊ जण उरले होते. त्यांतल्या एकाला धड उभं राहवत नव्हतं, तो खुर्चीवर बसून मिठाचा वाडगा धरून होता. सगळ्यांनी आदल्या दिवसापासून रांधलं होतं आणि कोणी जन्मात उलथनं धरलेलं नव्हतं. भात करपला होता. गणपतने स्वतः वाटाण्याचं कालवण वाढलं आणि परीक्षेचा पेपर दिल्यासारखा समोर उभा राहिला.

वहिनींनी घास घेतला. चावला. गिळायला थोडा वेळ लागला.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "असलं कालवण मी तेव्हा धाडलं असतं, तर आठ दिवसांत तुम्ही सगळे बाहेर आला असता. संप जिंकलो असतो."

सगळा हॉल हसला. गणपत हसला, नऊ म्हातारे हसले, वहिनी स्वतः डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एकटा कुशाबा वहिनींच्या ओठांकडे बघत राहिला.

"हसता काय?" तो म्हणाला. "खरंच जिंकलो असतो."